कारखान्यातील नोकरी: काय आवडते, काय सलते

टूलरूम, भोसरी (धागाकर्ता)

आमच्या गल्लीतील एका मुलाने यंदा आयटीआयचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याच्या वडिलांनी मला थांबवून विचारले, "याला कंपनीत घालू का? तुम्ही इतकी वर्षे काढलीत, तुम्हीच सांगा." मी लगेच "घाला" म्हणालो, पण घरी आल्यावर ते उत्तर मला अपुरे वाटू लागले. सव्वीस वर्षांपूर्वी मी ज्या दारातून आत गेलो, ते दार आता तसे राहिलेले नाही. म्हणून कारखान्यात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आपापला अनुभव इथे लिहावा, अशी विनंती आहे. काय आवडते आणि काय सलते, दोन्ही लिहावे. सुरुवात मी करतो.

मोटारींचे पत्र्याचे भाग ज्या साच्यांवर कापले आणि वाकवले जातात, त्या डाय आम्ही टूलरूममध्ये बनवतो आणि दुरुस्त करतो. या कामातले मला सर्वांत जास्त काय आवडते, असे विचाराल तर मी डायची पहिली ट्रायल सांगेन. एक मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा कापायचा असेल, तर पंच (पत्रा कापणारा वरचा भाग) आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला साधारण पाच ते आठ शतांश मिलिमीटर फट ठेवावी लागते. ती कमी पडली तर पंचाची धार लवकर जाते आणि जास्त झाली तर कापलेल्या कडेला बर (खरखरीत, धारदार कंगोरा) येते. ग्राइंडिंग करणे, ब्लू (निळी शाई) लावून मॅचिंग (दोन भाग कुठे टेकतात ते) पाहणे, शिम (पातळ पट्टी) घालणे, पुन्हा काढणे असे दोन-तीन दिवस चालल्यावर डाय प्रेसवर चढते, पहिला ठोका पडतो आणि गरम, तेलकट भाग हातात येतो. गेज लावण्याआधी मी आजही त्याच्या कडेवरून अंगठ्याचे नख उलटे फिरवतो. नख कुठे अडले नाही, की डाय बसली हे मला मोजण्यापूर्वीच कळते. त्या वेळी आजूबाजूला उभे असलेले मोठे साहेबसुद्धा माझ्या तोंडाकडे पाहत असतात आणि मी मान हलवली की मगच दुसरा ठोका पडतो. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणाची गोडी कमी झालेली नाही.

दुसरी गोष्ट निश्चितीची. परमनंटचे पत्र हातात आले त्याच वर्षी माझे लग्न ठरले आणि पुढे दोन वर्षांत बँकेने घरासाठी कर्ज दिले. "मुलगा कंपनीत परमनंट आहे" एवढ्या चार शब्दांवर आमच्याकडे सोयरिकी जुळत असत. खंडेनवमीला आमच्या कंपनीत घरच्या माणसांना आत येऊ देतात. माझी मुलगी लहान असताना सरफेस ग्राइंडरला वाहिलेल्या झेंडूच्या माळेकडे पाहून तिने विचारले होते, "हे तुमचे मशीन आहे का?" मी "हो" म्हणालो आणि त्या उत्तरात काही खोटे आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही.

सलणाऱ्या गोष्टींपैकी पाळीचे दुःख सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी दुपारी निघतो तेव्हा मुले शाळेत असतात आणि रात्री एक वाजता परततो तेव्हा ती झोपलेली असतात. त्यात भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात विजेच्या नियोजनामुळे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सारे जग रविवारी घरी असताना आम्ही कामावर आणि आम्ही घरी असताना मुले शाळेत, अशी वीस वर्षे गेली. प्रेसशॉपच्या आवाजाचेही तसेच आहे. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबलची आहे, पण कानात प्लग घालूनही घरी आल्यावर बराच वेळ कान भरलेले राहतात.

मात्र या दोन्हींपेक्षा मला एक गोष्ट अधिक सलते आणि तिच्यात माझाही वाटा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्याकडे टूलरूमला जी मुले आली, ती जवळजवळ सगळी सहा-सात महिन्यांसाठी आली. सुरुवातीला मी त्यांना मनापासून शिकवत असे. चौथा-पाचवा मुलगा हात बसू लागताच निघून गेल्यावर मी शिकवणे कमी केले. एका मुलाने मला विचारले होते, "दादा, ब्लू कुठे लागला की कुठे घासायचे, हे तुम्हाला कसे कळते?" मी त्याला "बघत राहा" एवढेच म्हणालो. मला ज्याने शिकवले त्याने मला दोन वर्षे जवळ उभे केले होते. मी मात्र त्या मुलाला दोन मिनिटे दिली नाहीत, कारण तो जाणार हे मला माहीत होते. या नोकरीत जे सर्वांत चांगले आहे ते पुढच्या माणसाच्या हाती पोहोचतच नसेल, तर शेजाऱ्याच्या मुलाला मी कोणत्या भरवशावर "घाला" म्हणालो, हा माझा प्रश्न आहे.

सात महिने, चाकण

दादा, तुम्ही ज्या मुलाबद्दल लिहिले तो मी नव्हे, पण मी तसाच आहे. मी नांदेड जिल्ह्यातला. आयटीआय झाल्यावर चाकणला आलो, तेव्हा खालुंब्र्यात एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. तिघे रात्रपाळीचे आणि तिघे दिवसपाळीचे असल्यामुळे तीन गाद्यांवर भागत असे. चार वर्षांत माझ्या पाच कंपन्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी सात महिने पूर्ण होत आले की ठेकेदाराचा माणूस गेटवर बोलावून घेतो, ओळखपत्र आणि बूट जमा करून घेतो आणि "पुढच्या ऑर्डरला फोन करतो" म्हणतो.

आवडलेल्या गोष्टी मी आधी सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. पहिल्या पगारातून मी घरी पैसे पाठवले, तेव्हा वडिलांनी ते खत-बियाण्याला वापरले आणि दुकानदाराची उधारी त्या वर्षी झाली नाही. कॅन्टीनमध्ये पोटभर आणि गरम जेवण मिळत असे. खोलीवर ते कधी मिळाले नाही. दुसऱ्या कंपनीत एका लाइनवर मी दरवाजाच्या बिजागऱ्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळत असे. ठरलेला टॉर्क आला की रेंचमधून "टक्" असा आवाज होतो. काही दिवसांनी तो आवाज येण्याच्या अगोदरच मनगटाला कळू लागले. तुमच्या नखाबद्दल वाचताना मला ते आठवले. रस्त्यावर त्या मॉडेलची गाडी दिसली की आजही माझी नजर आधी दरवाजाकडे जाते.

सलते ते असे की माझ्या शेजारच्या स्टेशनवरचा (लाइनवरच्या कामाच्या जागेवरचा) परमनंट कामगार हेच काम करत होता आणि त्याचा पगार माझ्या तिपटीपेक्षा जास्त होता. त्याचा शर्ट निळा आणि माझा राखाडी. तो माणूस म्हणून अतिशय चांगला होता, डब्यातली भाकरी रोज मला देत असे, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचा तीन वर्षांचा पगारवाढीचा करार झाला त्या दिवशी सगळ्या लाइनवर पेढे वाटले. पेढा मलाही दिला. मी तो खाल्ला आणि सर्वांचे अभिनंदनही केले, पण संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मला कोणाशी बोलावेसे वाटले नाही.

आणखी एक सांगायचे आहे. मला अजून मायक्रोमीटर नीट वाचता येत नाही. चार वर्षे मोठमोठ्या कारखान्यांत काढूनही मी हे लिहितो आहे, याची मला लाज वाटते. दर वेळी नवी कंपनी मला एकच स्टेशन शिकवते, कारण तेवढेच सात महिन्यांत उपयोगी पडते. त्याशिवाय माझ्या पीएफचे पैसे तीन ठिकाणी अडकले आहेत. जुन्या ठेकेदारांनी नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही आणि ते फोन उचलत नाहीत. कोणाला मार्ग माहीत असल्यास कृपया सांगावा.

निवृत्त कार्मिक अधिकारी

मी एकतीस वर्षे कार्मिक विभागात होतो, त्यातली शेवटची अकरा चाकणला. त्यामुळे वरच्या पत्रातील "गेटवर बोलावून घेणारा माणूस" ज्यांच्या सहीने पाठवला जातो, त्यांच्यापैकी मी एक होतो, हे आधी सांगितले पाहिजे.

सात महिन्यांमागचे कारण असे आहे. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत) अशी तरतूद होती की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत सलग २४० दिवसांची सेवा केली, तर त्याला कायम करावे. कामगाराच्या हितासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला, कारण त्या २४० च्या आत माणूस बदलणे हाच नियम बनला. आमच्यासारख्या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची अडचणही खरी होती. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे शेड्यूल महिन्यागणिक बदलते आणि दरवर्षी किंमत काही टक्के कमी करून मागितली जाते. कच्च्या मालाची किंमत आमच्या हाती नसते, विजेची नसते, म्हणून हात फिरून फिरून मनुष्यबळावर जातो. असे असले तरी माझे आजचे मत असे आहे की आम्ही बचतीचा हिशोब नेहमी अर्धाच मांडला. दर सात महिन्यांनी नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात रिजेक्शन वाढते, रीवर्क वाढते आणि अपघात होतात. हा खर्च गुणवत्ता विभागाच्या नावावर पडत असल्यामुळे आमच्या तक्त्यात तो कधी दिसला नाही.

तरुण मित्राच्या पीएफबद्दल लिहितो. आपला यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) आधारशी जोडलेला असेल, तर जुन्या मालकाची वाट पाहण्याची गरज नाही. त्या नोकरीतील शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले, की सदस्य पोर्टलवर "मॅनेज" या भागात "मार्क एक्झिट" हा पर्याय दिसतो. तिथे ती कंपनी किंवा ठेकेदार निवडून आपणच तारीख भरू शकता. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. तारीख भरल्यानंतर जुनी खाती सध्याच्या खात्यात वर्ग करण्याचा अर्ज करावा आणि पैसे काढून घेण्याची घाई करू नये, कारण निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा धरली जाते आणि वेगवेगळ्या ठिकाणची सेवा जोडली तरच ती पूर्ण होते. ठेकेदाराने पगारच बुडवला असेल, तर तो देण्याची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ कंपनीवर टाकली होती. ही गोष्ट बहुतेक मुलांना कोणी सांगत नाही. मीही कधी आपणहून सांगितली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे लागत. मात्र ज्याचे वर्षच पूर्ण होऊ दिले जात नाही, त्याच्यापर्यंत हा हक्क कसा पोहोचणार, हे मला अजून उमगलेले नाही.

हार्नेस लाइन, तळेगाव

मी वायर हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांच्या) कंपनीत नऊ वर्षे आहे. आमच्या लाइनवर बहुतेक सगळ्या बायकाच आहेत. गोल फिरणाऱ्या कन्व्हेअरवर उभे बोर्ड असतात, बोर्ड समोर आला की आपल्या वाट्याच्या वायरी खुंट्यांमधून ओढायच्या, कनेक्टरमध्ये बसवायच्या आणि टेप गुंडाळायची. शेवटी टेस्टिंगला सगळे दिवे हिरवे लागले की ती हार्नेस पुढे जाते. वायर कनेक्टरमध्ये नीट बसली की बोटाला एक बारीक झटका कळतो. त्यामुळे वरच्या दोघांनी नखाचे आणि मनगटाचे जे लिहिले आहे, ते मला लगेच समजले.

या नोकरीने मला जे दिले ते मी थोडक्यात सांगू शकत नाही. माझ्या नावाचे बँक खाते मी पहिल्या पगारासाठी उघडले. कंपनीची बस गावाच्या फाट्यावर येते, म्हणून सासूबाईंनी होकार दिला. ती नसती तर मी घराबाहेर पडलेच नसते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही आठ जणी एकत्र बसतो आणि एकमेकींची बाळंतपणे, आजारपणे, मुलांची ॲडमिशन सगळे तिथेच ठरते. दुसऱ्या बाळंतपणात मला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. माझ्या जावेला शेतावर मजुरीला जाताना यातले काहीही मिळाले नव्हते.

आता न आवडणारे लिहिते आणि ते बायकांनी लिहिल्याशिवाय कोणी लिहिणार नाही. लाइन थांबत नसल्यामुळे बाथरूमला जायचे असेल तर हात वर करून रिलीव्हर (तेवढा वेळ आपल्या जागी उभी राहणारी बाई) येण्याची वाट पाहावी लागते. तीस जणींना एक रिलीव्हर असते. मासिक पाळीच्या दिवसांत ही वाट पाहणे किती कठीण जाते, हे आमच्या सुपरवायझरला मी सांगू शकलेले नाही, कारण तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे आणि ऐकून तो स्वतःच मान खाली घालेल. म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. आमच्यातल्या तिघींना मूतखड्याचा आणि लघवीच्या जळजळीचा त्रास झाला आहे. उपाय फार मोठा नाही, प्रत्येक दहा-बारा जणींमागे एक रिलीव्हर दिली तरी पुरेल. पण दर वेळी उत्तर मिळते की मनुष्यबळ मंजूर नाही.

बढतीचेही सांगते. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामावर ठेवता येत नव्हते. पुढे अटी घालून परवानगी मिळू लागली, तरी आमच्याकडे लाइन लीडर निवडताना "तिन्ही पाळ्या कराल का" हाच पहिला प्रश्न असतो. मला लाइनवरची चौदाही स्टेशने येतात आणि नवीन मुलींना मीच शिकवते. लीडर मात्र ज्याला मी शिकवले तो झाला.

पत्राशॉप

मी पूर्वी प्रेसशॉपला सुपरवायझर होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही.

आमच्या १०० टनांच्या प्रेसवर पुढच्या बाजूला लाइट कर्टन बसवलेला होता. प्रकाशाच्या त्या पडद्यात हात आला की रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) जागच्या जागी थांबतो. एका भागाचा पत्रा लांब असल्यामुळे तो घालताना पडदा पुन्हा पुन्हा तुटायचा, प्रेस थांबायची आणि तासाच्या उत्पादनाच्या फळ्यावर आकडा कमी पडायचा. फळ्यावर तांबड्या खडूने आकडा लिहिला गेला की संध्याकाळच्या बैठकीत मला उभे राहून कारण द्यावे लागत असे. बायपासची (पडदा बंद ठेवण्याची) चावी मेंटेनन्सकडे असायची. त्यांनी ती फिरवली, हे मला माहीत होते आणि मी काही बोललो नाही. तीन आठवडे सगळे सुरळीत चालले. त्यानंतर अकरा दिवसांपूर्वी रुजू झालेल्या मुलाची दोन बोटे गेली, उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट. त्याची ईएसआयची (कामगार विमा योजनेची) नोंदणी त्या दिवशी संध्याकाळी झाली. ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

दर वर्षी ४ मार्चला आम्ही सुरक्षेची शपथ घेत होतो, घोषवाक्यांच्या स्पर्धा घेत होतो आणि मला त्यात एकदा बक्षीसही मिळाले होते. अपघातानंतर त्या भागासाठी पत्रा आत सरकवणारे साधे फिक्स्चर बनवण्यात आले. टूलरूमने ते दोन दिवसांत बनवून दिले. पडदा तुटणे थांबले आणि तासाचा आकडाही वाढला. प्रेसवरच्या एका जुन्या ऑपरेटरने ती कल्पना आधीच सांगितली होती. त्याचे म्हणणे मी सूचनापेटीत टाकायला सांगितले होते आणि ती पेटी कोणी उघडत नव्हते. धागाकर्त्यांनी विचारले आहे म्हणून लिहितो: मला त्या नोकरीत हेच सर्वांत जास्त सलते, आणि नोकरी सोडून सहा वर्षे झाली तरी सलते.

शिरोलीची भट्टी

कोल्हापूरकडची बाजू थोडी वेगळी आहे. आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत फाउंड्र्या आहेत आणि त्यांतले पुष्कळ कामगार आसपासच्या गावांतले, घरची शेती असलेले आहेत. माझा दीड एकर ऊस आहे. एक पाळी कंपनीची आणि एक पाळी पाण्याची, अशा दोन पाळ्या सांभाळाव्या लागतात, पण कंपनी सुटली तरी उपाशी मरणार नाही, हा धीर असल्यामुळे आमच्याकडचा माणूस साहेबाशी थोडे ताठ बोलू शकतो. चाकणच्या मित्राला तो धीर नाही, हे त्याचे पत्र वाचताना जाणवले.

मला भट्टीचे काम आवडते. वितळलेले लोखंड १४०० अंशांच्या वर असते. एसजी आयर्नमध्ये (ओतीव लोखंडाच्या चिवट प्रकारात) मॅग्नेशियम घातल्यानंतर त्याचा परिणाम मिनिटामिनिटाला उतरत जातो, त्यामुळे लॅडल (ओतण्याचे भांडे) भरल्यापासून शेवटचा मोल्ड ओतेपर्यंत कोणालाही थांबता येत नाही आणि उशीर झाला तर कास्टिंग बाहेरून धडधाकट दिसूनही आतून ठिसूळ निघते. त्या काही मिनिटांत आम्ही पाच माणसे एकही शब्द न बोलता काम करतो. क्रेनवाल्याला माझ्या हाताची खूण कळते आणि मला त्याच्या ब्रेकचा आवाज कळतो. हे एकमेकांना ओळखायला आम्हाला वर्षे लागली.

रात्रीचे मात्र सोसवत नाही. रात्री १० ते सकाळी ६ वीज स्वस्त असायची, म्हणून आमच्या भट्ट्या वर्षानुवर्षे रात्रीच पेटत आल्या आणि माझ्या पस्तिशी-चाळिशीची झोप त्यात गेली. धुळीबद्दलही लिहिलेच पाहिजे. कास्टिंग फोडताना आणि फेटलिंग (कास्टिंगची घासून साफसफाई) करताना जी वाळूची धूळ उडते, तिच्यातला सिलिका फुप्फुसात साचतो आणि त्या आजारावर औषध नाही. फेटलिंगला आता बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशाची मुले असतात. ती रुमाल बांधून काम करतात. रुमालाने ती धूळ अडत नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितले आहे का, असे मी आमच्या सेफ्टी ऑफिसरना विचारले, तेव्हा त्यांनी हिंदीत लिहिलेला फलक दाखवला. त्या मुलांपैकी दोघांना वाचता येत नाही. आता दर सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी मी स्वतः पाच मिनिटे उभा राहून मास्क कसा घट्ट बसवायचा ते दाखवतो.

टूलरूम, भोसरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. हार्नेस लाइनवरच्या ताईंनी जे लिहिले ते मी घरी वाचून दाखवले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. ताई, रिलीव्हरची मागणी तोंडी न करता अंतर्गत समितीच्या महिला सदस्यांमार्फत लेखी द्यावी, सोबत मूतखड्याचे वैद्यकीय कागद जोडावेत, असे मला वाटते. लेखी कागदाला उत्तर द्यावे लागते.

पत्राशॉपच्या मित्राने दोन दिवसांत झालेल्या फिक्स्चरबद्दल लिहिले आहे. अशी फिक्स्चर मीही बनवली आहेत आणि त्यांतली काही कोणाचे तरी बोट गेल्यानंतर बनवली आहेत. ऑर्डरच्या कागदावर कारण लिहिलेले नसते, पण आम्हाला कळत असते.

शेजाऱ्यांकडे मी काल पुन्हा गेलो. त्यांना सांगितले की मुलाला घालायचे असेल तर पगाराआधी तीन गोष्टी विचारा: नेमणूक कोणाच्या नावाने आहे, ईएसआय आणि पीएफची नोंदणी पहिल्या दिवसापासून आहे का, आणि त्याला एका मशीनपुरते ठेवणार की मोजमाप, ड्रॉइंग, सेटिंग हेही शिकवणार. मुलगा म्हणाला, "हे विचारले तर ते घेतील का?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि ते मी त्याला तसेच सांगितले. तो पुढच्या आठवड्यात रांजणगावला एका मुलाखतीला जाणार आहे.

सात महिने, चाकण

कार्मिक अधिकारी साहेब, आपण सांगितले तसे केले. तीनपैकी दोन ठिकाणची तारीख भरली गेली आणि खाते वर्ग करण्याचे अर्जही गेले. तिसऱ्या ठिकाणी माझ्या नावात चूक आहे, त्यामुळे आधी ती दुरुस्त करावी लागेल असे दिसते. सहाव्या कंपनीत मी सोमवारपासून लागलो आहे. या वेळीही एकच स्टेशन आहे.

टूलरूम, भोसरी (धागाकर्ता)

गुरुवारी तुम्हालाही सुट्टी असेल. सकाळी दहानंतर माझ्या घरी या, पत्ता निरोपात पाठवतो. माझ्याकडे जुना ० ते २५ चा मायक्रोमीटर आहे आणि मोजायला पाच-सहा पिना आहेत. ब्लू मॅचिंग दाखवता येईल असे दोन जुने ब्लॉकही मी काढून ठेवले आहेत. शेजारच्या मुलालाही बोलावले आहे.